संघराज्यांतील मधली पायरी

एखाद्या गांवांतील प्राथमिक शाळेचें छप्पर पावसाळ्याच्या आरंभीं गळूं लागलें, तर तें दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरकरणी फार साधा वाटतो. गळती गांवाला दिसते, भिजतात तीं मुलें गांवचीं असतात, आणि कौलें शाकारणारा माणूसही बहुधा गांवांतच सांपडतो. तथापि शाळा असते जिल्हा परिषदेची, शिक्षकाचा पगार निघतो राज्य सरकारच्या तिजोरींतून, आणि नव्या वर्गखोल्यांसाठीं मिळणाऱ्या रकमेंत मध्यवर्ती सरकारच्या योजनेचाही वांटा असतो. अर्ज गांवांतून निघतो, तालुक्याला विसावतो, जिल्ह्याला पोंचतो, आणि तेथून कोणत्या शीर्षाखालीं खर्च टाकावयाचा याचा खल सुरू होतो. मंजुरी हातीं येईपर्यंत पावसाळा संपूनही गेलेला असतो. ह्या एका छपराच्या गोष्टींत संघराज्याचा एक मोठा प्रश्न सांठविलेला आहे.

संघराज्याचा अर्थ सामान्यतः असा सांगतात कीं, सर्व देशासाठीं एक सरकार असावें, त्याच्या घटकांसाठीं निराळीं सरकारें असावींत, आणि दोहोंच्या अधिकारांची वांटणी राज्यघटनेनेंच करून दिलेली असावी. म्हणजे एकाला दुसऱ्याचा अधिकार केवळ आपल्या मर्जीनें काढून घेतां येऊं नये. भारताच्या राज्यघटनेंत ही वांटणी सातव्या अनुसूचींतील तीन याद्यांनीं झाली आहे. एक यादी मध्यवर्ती सरकारची, दुसरी राज्यांची आणि तिसरी दोघांची सामाईक. ह्या वांटणीवरून दिल्ली व राज्यें यांच्यामध्यें आजवर पुष्कळ वाद झाला. १९८३ सालीं न्यायमूर्ति सरकारिया यांच्या अध्यक्षतेखालीं आणि २००७ सालीं न्यायमूर्ति पुंछी यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आयोगांनीं ह्या वादाचा विस्तारानें विचार केला. परंतु राज्यांच्या यादींतील पांचव्या नोंदीकडे सामान्य वाचकाचें लक्ष क्वचितच जातें. ती नोंद स्थानिक राज्यकारभाराची आहे. गांव, तालुका, जिल्हा आणि शहर यांनीं कोणतें काम करावें आणि कोणता कर घ्यावा, हें ठरविण्याचा अधिकार त्या एका नोंदीनें राज्यांच्या स्वाधीन झाला.

राज्य ही अशा रीतीनें सत्तेच्या जिन्यांतील मधली पायरी आहे. वरच्या पायरीकडे पाहून तिनें ज्या तक्रारी कराव्या, त्याच तक्रारी खालच्या पायरीनें तिच्याविषयीं कराव्या, असा प्रकार भारतांत पुष्कळदां घडला आहे. मध्यवर्ती सरकार पैसा देतांना अटी घालतें, राज्यांच्या विषयांत योजना काढतें आणि राज्यांना नुसते अंमलदार समजतें, असें राज्यांचें म्हणणें. आणि राज्य सरकारविषयीं जिल्हा परिषदा व नगरपालिका यांचें म्हणणें शब्दशः तेंच. विकेंद्रीकरणाचा विचार दिल्लीपाशीं सुरू होऊन राज्याच्या राजधानीपाशीं थांबला, तर तो अर्ध्या वाटेवर थांबला असेंच म्हणावें लागेल.

विकेंद्रीकरण हा शब्दही जरा पारखून घेतला पाहिजे, कारण ह्या एका नांवाखालीं तीन निरनिराळ्या गोष्टी चालतात. पहिली गोष्ट म्हणजे कचेरी हलविणें. मुंबईंतील खात्याची शाखा जिल्ह्याच्या गांवीं उघडली, तर लोकांचा प्रवास वांचतो. पण हुकूम पूर्वीं जेथून येत होता तेथूनच येत राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे मुखत्यारी. वरचें सरकार आपलें काम खालच्या संस्थेकडे सोंपवितें. काम ती करते, पण मुखत्यारपत्र देणाऱ्याला तें केव्हांही रद्द करतां येतें. तिसरी गोष्ट म्हणजे हक्क. आपल्या क्षेत्रापुरता निर्णय स्थानिक संस्थेनें घ्यावा आणि त्याचा जाब आपल्या मतदारांना द्यावा, हें तिचें स्वरूप. खरें विकेंद्रीकरण तें हेंच, आणि तें सिद्ध व्हावयास काम, पैसा व माणसें ह्या तिहींचें एकाच वेळीं खालीं येणें आवश्यक असतें. काम दिलें आणि पैसा दिला नाहीं तर ती थट्टा होते. पैसा दिला आणि नोकरवर्ग दिला नाहीं तर तो पैसा पडून राहतो. तिन्ही दिलीं, पण बदली, बढती व शिक्षा यांचा अधिकार वर ठेवला, तर नोकर आपल्या खऱ्या धन्याकडे पाहूनच वागतो.

हा प्रश्न केवळ भारताचा नाहीं. अमेरिकेंतील आयोवा राज्याचे न्यायमूर्ति जॉन डिलन यांनीं १८६८ सालीं असा निर्णय दिला कीं, नगरपालिका ही विधिमंडळाची निर्मिति आहे. ज्यानें तिला जन्म दिला त्याला तिचा अंतही करतां येतो. ह्या मताविरुद्ध तेथील शहरांनीं चळवळ केली, आणि १८७५ सालीं मिसूरी राज्यानें आपल्या घटनेंत मोठ्या शहराला स्वतःची सनद स्वतः तयार करण्याचा अधिकार दिला. स्वित्झर्लंडमध्यें मात्र वाट उलट दिशेची आहे. तेथील २६ कँटनांत मिळून दोन हजारांहून अधिक ग्रामघटक असून, प्राप्तीवरील कराचा आपल्यापुरता दर ते स्वतः ठरवितात. पुष्कळ लहान गांवांत सर्व मतदार एका सभेंत जमून अंदाजपत्रकाला संमति देतात. शाळेचें छप्पर दुरुस्त करावयाचें असेल, तर खर्च किती आणि कर किती, हे दोन्ही प्रश्न त्याच सभेपुढें येतात. त्यामुळें मागणाऱ्याला देण्याचाही विचार करावा लागतो. अलीकडच्या घटनांपैकीं ब्राझीलच्या १९८८ च्या घटनेनें नगरपालिकांना संघराज्याच्या घटकांतच गणलें. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेनें तर राष्ट्रीय, प्रांतिक व स्थानिक सरकारांना एकावर एक रचलेले थर न म्हणतां, परस्परांशीं संबद्ध अशीं क्षेत्रें म्हटलें आहे. संघराज्यांतील वांटणी दोघांतच व्हावी असा कांहीं निसर्गनियम नाहीं, एवढें ह्या उदाहरणांवरून दिसून येतें.

भारतांत घटना तयार होत असतां हा वाद मोठ्या तीव्रतेनें झाला. १९४६ सालीं गांधीजींनीं स्वतंत्र भारताची रचना कशी असावी हें सांगतांना शिखराचा भार पायानें वाहणाऱ्या मनोऱ्याची कल्पना टाकून दिली, आणि समुद्राच्या पाण्यांत उमटणाऱ्या, एकाबाहेर एक पसरत जाणाऱ्या वर्तुळांची उपमा दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची दृष्टि निराळी होती. १९३२ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत ग्रामपंचायतींचें विधेयक आलें, तेव्हांच त्यांनीं दलितवर्गाच्या प्रतिनिधित्वाची तरतूद असल्यावांचून गांवाच्या हातीं सत्ता देण्यास विरोध केला होता. पुढें ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना-समितींत मसुदा मांडतांना, गांव हा घटक न धरतां व्यक्ति हा घटक धरला याबद्दल त्यांनीं समाधान व्यक्त केलें. ज्या गांवांत पाणवठाही सर्वांना खुला नाहीं, त्या गांवाला अधिकार देणें म्हणजे तेथील बलिष्ठांना अधिकार देणें होय, ही त्यांची भीति अनुभवांतून आलेली होती. अखेर २२ नोव्हेंबर १९४८ रोजीं के. संतानम् यांची दुरुस्ति डॉ. आंबेडकरांनीं मान्य केली आणि ग्रामपंचायती स्थापन करण्याचा आदेश घटनेंत आला. तोच आजचा ४० वा अनुच्छेद. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळें त्याच्या भंगाबद्दल कोणालाही न्यायालयांत दाद मागतां येत नव्हती.

ह्या आदेशाला देह देण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रानें केला. १९५७ सालीं बलवंतराय मेहता समितीनें असें दाखवून दिलें होतें कीं, सामूहिक विकासाच्या योजना सरकारी नोकरांच्या हातीं राहिल्यानें लोकांना त्या आपल्या वाटत नाहींत. त्या समितीचा भर विकास-गटाच्या पातळीवरील पंचायत समितीवर होता. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारनें वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. त्या समितीनें तो भर जिल्ह्यावर दिला. कारण तज्ज्ञ नोकरवर्ग आणि पुरेसा पैसा ज्या ठिकाणीं एकत्र ठेवतां येईल, तें सर्वांत जवळचें ठिकाण जिल्हा हेंच होय, असें तिला वाटलें. १९६१ सालीं कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, लहान पाटबंधारे, जिल्ह्याचे रस्ते, शेती व पशुसंवर्धन यांचीं कामें त्यांच्याकडे आलीं. त्या कामांबरोबर नोकरवर्गही आला. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवून तिला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी देण्यांत आला. काम, पैसा व माणसें हीं तिन्ही खालीं उतरविण्याचा असा प्रयत्न त्या काळीं फार थोड्या राज्यांनीं केला. महाराष्ट्रांतील कित्येक मंत्र्यांनीं राज्यकारभाराचे पहिले धडे ह्या परिषदांतच घेतले, हाही त्याचा एक लाभ.

पुढें मात्र ओहोटी लागली. ग्रामीण विकासाच्या नव्या योजना दिल्लीहून आल्या, त्यांच्यासाठीं जिल्ह्यांत निराळ्या यंत्रणा उभ्या राहिल्या, आणि परिषदेच्या शेजारीं दुसरें दुकान थाटलें गेलें. नवीन खातीं, महामंडळें, प्राधिकरणें ह्यांची भर पडत गेली. ह्याचें एक कारण राजकारणांतील माणसाच्या स्वभावांत आहे. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष लोकांच्या डोळ्यांत भरूं लागला, कीं त्याच जिल्ह्यांतील आमदाराला आपली जागा डळमळीत वाटूं लागते. रस्ता, शाळा, दवाखाना मंजूर करून आणणें हेंच ज्याच्या लोकप्रियतेचें भांडवल, त्याला ही मंजुरी दुसऱ्याच्या हातीं गेलेली कशी रुचावी? घटनेनें जिल्हा नियोजन समिती सांगितली, ती महाराष्ट्रांत १९९८ च्या कायद्यानें आली, पण तिचें अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे गेलें. १९९३ सालच्या एप्रिलमध्यें पंचायतींना घटनेंत स्थान मिळालें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत खासदारांना आपल्या मतदारसंघांत स्थानिक कामें सुचविण्यासाठीं स्वतंत्र निधि मिळाला. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें कसें सैल होतें, याचें हें बोलकें उदाहरण आहे.

पंचायतींना घटनेंत स्थान मिळण्याचा इतिहासही ह्या दृष्टीनें उद्बोधक आहे. १९८९ सालीं राजीव गांधींच्या सरकारनें ६४ वें घटना-दुरुस्ति विधेयक आणलें, तें राज्यसभेंत पडलें. दिल्ली हें सरकार राज्यांच्या डोक्यावरून थेट गांवाशीं संधान बांधूं पाहतें, असा विरोधकांचा आक्षेप होता, आणि तो अगदींच निराधार नव्हता. गांवाला अधिकार देण्याच्या निमित्तानें राज्याला दुर्बळ करावें, हेंही संघराज्याच्या तत्त्वाला सोडूनच होय. १९९२ च्या डिसेंबरांत ७३ वी व ७४ वी दुरुस्ति संसदेनें संमत केली. पहिली २४ एप्रिल १९९३ पासून आणि दुसरी १ जून १९९३ पासून अंमलांत आली. दर पांच वर्षांनीं निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, दर पांच वर्षांनीं राज्य वित्त आयोग, अनुसूचित जाति-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणांत आणि स्त्रियांना किमान एक-तृतीयांश राखीव जागा, हें सर्व बंधनकारक झालें. परंतु कामाच्या बाबतींत घटनेची भाषा एकाएकीं सौम्य होते. पंचायतींसाठीं २९ आणि नगरपालिकांसाठीं १८ विषय अनुसूचींत दिले. पण ते त्यांना सोंपवावेतच असें न म्हणतां, राज्य विधिमंडळाला ते सोंपवितां येतील, एवढेंच म्हटलें. निवडणूक घेणें भाग, पण निवडून आलेल्यांना काम देणें ऐच्छिक, अशी ही रचना आहे. ह्या एका क्रियापदांत मधल्या पायरीचें सारें सामर्थ्य दडलेलें आहे.

पैशाची कथा याहून करुण आहे. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, ही म्हण स्थानिक संस्थांना तंतोतंत लागू पडते. जकात ही महाराष्ट्रांतील शहरांच्या उत्पन्नाची मोठी बाब होती. नाक्यावरील अडवणूक, वाहतुकीचा खोळंबा आणि लाचलुचपत यांमुळें ती लोकांना नकोशी झालेली होती, यांत शंका नाहीं. तिच्या जागीं बहुतेक महानगरपालिकांत स्थानिक संस्था कर आला. २०१५ च्या ऑगस्टमध्यें तोही बहुतांशीं उठला. आणि १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकातही इतिहासजमा झाली. बुडालेल्या उत्पन्नाबद्दल महानगरपालिकांना भरपाई देण्याचा कायदा राज्यानें केला, हें योग्यच झालें. तरीही एक फरक उरतो. जकात शहराच्या हक्काची होती. भरपाई ही राज्याच्या तिजोरींतून येणारी रक्कम आहे. वस्तु व सेवा कराच्या परिषदेंत मध्यवर्ती सरकारचें मत एक-तृतीयांश वजनाचें आणि सर्व राज्यांचीं मिळून दोन-तृतीयांश वजनाचीं. निर्णयाला तीन-चतुर्थांश मतें लागतात, म्हणून दिल्लीच्या संमतीवांचून कांहींच ठरत नाहीं, अशी राज्यांची तक्रार आहे. ती रास्त आहे. परंतु ज्या शहरांची जकात ह्या करांत विलीन झाली, त्या शहरांना त्या परिषदेंत एकही आसन नाहीं, ह्याची खंत कोणत्याही राज्यानें मोठ्या आवाजांत बोलून दाखविल्याचें दिसत नाहीं. मध्यवर्ती वित्त आयोगांनीं स्थानिक संस्थांसाठीं अनुदानें सुचविलीं, आणि चौदाव्या आयोगानें २०१५ ते २०२० ह्या पांच वर्षांसाठीं २,८७,४३६ कोटी रुपयांची शिफारस केली, ही गोष्ट स्वागतार्ह खरी. तथापि अनुदानावर जगणारी संस्था आपल्या मतदारापेक्षां दात्याकडेच अधिक पाहते.

मुंबई शहराचें उदाहरण तर सर्वांच्या डोळ्यांपुढचें आहे. १८८८ च्या कायद्यानें मुंबई महानगरपालिकेची कार्यकारी सत्ता सरकारनें नेमलेल्या आयुक्ताच्या हातीं दिली. राज्यकर्ते परके होते, त्यांचा लोकांवर विश्वास नव्हता, म्हणून ती योजना समजण्यासारखी होती. परके राज्य जाऊन पाऊणशें वर्षें उलटलीं, तरी त्या कायद्याचा हा गाभा तसाच राहिला. महापौराला मान आणि आयुक्ताला अधिकार, ही वांटणी स्वराज्यांतही टिकली. २०११ च्या जनगणनेप्रमाणें सुमारें सव्वा कोटी वस्तीच्या ह्या शहरांतील नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. राखीव जागांचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयांत गेला, आणि तीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकाच्या हातीं राहिलें. २०२५-२६ सालासाठीं सुमारें ७४,४२७ कोटी रुपयांचें अंदाजपत्रक आयुक्तांनीं तयार केलें, आणि प्रशासक ह्या नात्यानें त्यांनींच तें स्वीकारलें. त्यावर बोलावयास सभागृहांत एकही नगरसेवक नव्हता. राज्यांतील इतर महानगरपालिका व जिल्हा परिषदा यांपैकीं बहुतेकांची स्थिति तीच होती. शेवटीं ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाला चार आठवड्यांत निवडणुकांची अधिसूचना काढण्याचा आदेश द्यावा लागला. एखाद्या राज्याची विधानसभा तीन वर्षें नसती आणि राज्यपालच अंदाजपत्रक मांडून मंजूर करते, तर देशभर केवढा गहजब झाला असता! शहराच्या बाबतींत तो झाला नाहीं, कारण स्थानिक स्वराज्य हें स्वराज्यच आहे, ही भावना अद्याप पुरती रुजलेली नाहीं.

ह्याच्या उलट अनुभवही भारतांतच आहेत. केरळांत १९९६ सालीं लोकयोजनेची मोहीम सुरू झाली, तेव्हां नियोजनाच्या खर्चांतील ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांनीं ठरविलेल्या कामांसाठीं देण्याचें ठरलें. शेती अधिकारी, आरोग्य केंद्रांतील वैद्य, शाळा ह्या पंचायतींच्या कक्षेंत आल्या. तेथें चुका झाल्या, वायफळ खर्चही झाला. पण सरकारें बदललीं तरी ती व्यवस्था समूळ उखडली गेली नाहीं, कारण लोकांना तिची संवय झाली होती. महाराष्ट्रांत गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा ह्या गोंड वस्तीच्या लहानशा गांवानें तर दिल्ली-मुंबईंत आपलें सरकार असलें तरी आपल्या गांवांत आपणच सरकार, अशी घोषणा केली. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूला गौण वनोपज म्हटलें, आणि २००९ सालीं मेंढ्याला सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गांवाबाहेर नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हातीं होता. हक्क गांवाचा आणि पास खात्याचा, अशी ही स्थिति. २०११ च्या एप्रिलमध्यें परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें, तेव्हां कोठें तो हक्क कागदावरून जमिनीवर उतरला. दोन वर्षें अडलेलें काम एका पुस्तकानें सुटलें, ही गोष्ट फार कांहीं शिकवून जाते.

आतां विरोधी पक्षाचें म्हणणें ऐकलें पाहिजे. स्थानिक सत्ता म्हणजे स्थानिक धनदांडग्यांची सत्ता, तेथें हिशेब कच्चा, भ्रष्टाचार जवळचा आणि धाक दारांतला, असें तें म्हणणें आहे. डॉ. आंबेडकरांनीं व्यक्त केलेली भीति आजही सर्वस्वीं निघून गेलेली नाहीं. शिवाय सर्व गांवें सारखीं नाहींत. ज्या गांवच्या हद्दींत कारखाने आले त्याची घरपट्टी, आणि ज्या गांवांत चार कुडाचीं घरें आहेत त्याची घरपट्टी, यांत जमीन-अस्मानाचें अंतर राहणार. प्रत्येकाला स्वतःच्या उत्पन्नावर सोडून दिलें, तर श्रीमंत गांव श्रीमंत होईल आणि गरीब गांवाचें छप्पर गळतच राहील. हे आक्षेप खरे आहेत. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष अधिकार वरच ठेवावा असा नाहीं. वर ठेवलेल्या अधिकारानेंही तीं छपरें गळावयाचीं थांबलीं नाहींत. राज्याचें काम बदललें पाहिजे, हा खरा निष्कर्ष.

तें बदललेलें काम कोणतें? पहिलें काम विषमता कमी करण्याचें. राज्य वित्त आयोग वेळेवर नेमावा, त्याचा अहवाल बासनांत बांधून ठेवूं नये, आणि दुबळ्या गांवाला ठराविक सूत्रानें, कोणाच्या मर्जीवर न राहतां, वांटा मिळावा. दुसरें काम दुर्बळांच्या हक्काचें रक्षण करण्याचें. महाराष्ट्रानें २०११ सालीं स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखून ठेवल्या. सुमारें २८ हजार ग्रामपंचायतींच्या राज्यांत ह्या एका कायद्यानें जेवढ्या स्त्रिया सत्तेच्या बैठकींत आल्या, तेवढ्या दुसऱ्या कोणत्याही मार्गानें आल्या नसत्या. आरंभीं पुष्कळ ठिकाणीं पतिराजांनींच कारभार हांकला. तरी जेथें ग्रामसभा नियमानें भरली, तेथें त्यांची सही हळूहळू त्यांचीच झाली. गांवाला सत्ता द्यावयाची, पण त्या सत्तेंत कोण बसेल याची हमी घटनेनें व राज्यानें घ्यावयाची, हा गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांच्या विचारांचा मेळ घालणारा मार्ग आहे. तिसरें काम हिशेबतपासणीचें आणि चौथें शिक्षणाचें. सरपंचाला अंदाजपत्रक वाचतां यावें, गांवाला अभियंत्याचा सल्ला मागतां यावा, आणि पैसा खाणाऱ्याला शासन व्हावें. हीं कामें करणारें राज्य दुबळें होत नाहीं. उलट, प्रत्येक नळाच्या तोटीचा आणि प्रत्येक वर्गखोलीचा निर्णय आपल्या मंत्रालयांत करूं पाहणारें राज्यच आपल्या खऱ्या कर्तव्याला वेळ देऊं शकत नाहीं.

ह्यांत राज्यांचा स्वार्थही आहे. राज्यांच्या वांट्याला न येणारे अधिभार आणि उपकर, योजनांच्या अटी, परिषदेंतील मताचें वजन ह्या प्रश्नांवर राज्यांना दिल्लीशीं झगडावें लागतें, आणि पुढेंही लागेल. परंतु जें तत्त्व वरच्यापुढें मांडावयाचें, तें खालच्याशीं वागतांना पाळलें असेल तरच त्या मांडणीला नैतिक बळ येतें. जिल्हा परिषदेला जें राज्य नुसती कचेरी समजतें, त्यानें आपल्याला दिल्लीनें नुसती कचेरी समजूं नये, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

संघराज्याची कसोटी शेवटीं त्या गांवच्या शाळेंत लागते. छप्पर गळत असल्याचें ग्रामसभेंत कोणी बाई उठून सांगते. सभा खर्चाचा आंकडा ठरविते. पैसा गांवाच्या खात्यांत आधींच आलेला असतो. जिल्ह्याचा अभियंता येऊन काम पाहून जातो. आणि झालेल्या खर्चाचा तक्ता शाळेच्याच भिंतीवर लागतो. ह्यांत असाध्य असें कांहीं नाहीं. एवढें ज्या राज्यांत पावसाळा सुरू होण्यापूर्वीं घडून येईल, त्या राज्यांत संघराज्य शेवटच्या पायरीपर्यंत पोंचलें असें खुशाल समजावें.